मधूमास्तरांचा सव्वीस नंबर

"आवाज परत येतील का नाही, तेवढं सांगा."

कासमचाचा टेबलावरच्या मशिनीवर वाकला. चष्म्याची एक काडी तुटलेली, तिथं दोरा बांधलेला. तो दोरा त्यानं कानामागं सरकवला.

"चाचा, पहाटे निघालोय पुण्यातनं. पाच तास गाडी चालवलीय."

"मग बस की. उभा कशाला?"

बसायला एकच स्टूल होतं. त्याच्यावर डिंकाचे डाग. रणधीर उभाच राहिला.

मिरजेतलं ते दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली. वर आढ्याला सतारीचे भोपळे टांगलेले, कासमचाचाच्या बापाच्या वेळचे. खाली जमिनीवर तारा, सर्किटं, फुटलेल्या पट्ट्या. बापानं आणि आज्यानं सतारी केल्या. हा तरुणपणी विजेच्या पेट्यांच्या नादी लागला. घरच्यांनी तोंडाला येईल ते ऐकवलं. पण चार जिल्ह्यांतले ऑर्केस्ट्रावाले आणि बँडवाले ह्याच्याच दारात यायचे. त्यातले निम्मे आता मेले, उरलेल्यांचे हात कापतात.

रणधीर साळोखे काही साधं गिऱ्हाईक नव्हतं. पुण्यात त्याचा रेकॉर्डिंगचा धंदा. घरात एक खोली फक्त जुन्या सिंथेसायझरांची. बारा मशिनी, सगळ्या अॅनालॉग, सगळ्या काचेच्या कपाटात. कुठलं कुठल्या साली निघालं, कुठल्यात कुठली चिप आहे, झोपेतनं उठवून विचारा. लांबलांबून माणसं बघायला यायची. हा पांढरे हातमोजे घालून दाखवायचा.

वाजवायचा मात्र दोन बोटांनी. चालू आहे का बघण्यापुरतं.

त्या बारांतलं बारावं मशीन आता चाचाच्या टेबलावर होतं. रणधीरच्या बापाचं. कोल्हापूरच्या मधूमास्तरांचं.

"शेवटचं कवा लावलं व्हतंस?" चाचानं विचारलं.

"आबा गेल्यावर आणलं ते थेट कपाटात. आत ओल धरू नये म्हणून पुड्या ठेवल्यात. तापमान सुद्धा..."

"लावलं कवा, ते इचारलं."

"...परवापर्यंत नाही लावलं."

"तीन वर्सांत एकदाबी?"

"जुनं मशीन आहे, चाचा. व्होल्टेज वरखाली झालं तर? जपून ठेवलं होतं."

चाचानं चार स्क्रू काढले. झाकण उचललं. आत बघितलं आणि बाजूला झाला.

"वास घे."

रणधीर वाकला. कुबट, जिभेवर येऊन बसणारा वास होता. सर्किटच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा सेल होता, तो फुटून त्यातनं हिरवी-निळी बुरशी बाहेर आलेली. बुरशी तांब्याच्या रेघांवर पसरली होती. जिथं पसरली तिथं रेघा नव्हत्या. खाल्लेल्या होत्या.

"मशीन लावलं की ह्यो सेल भरतोय," चाचा म्हणाला. "महिन्यातनं दोनदा वाजवलं तरी ह्याचं पोट भरतंय. न्हाई वाजवलं तर उपाशी मरतोय. मरताना असा वकतोय. मधूला म्हाईत व्हतं."

रणधीरलाही माहीत होतं. तेच तर. जुन्या मशिनींचे शौकीन जमतात त्या ग्रुपवर त्यानंच दहा जणांना बजावलं होतं, सेल काढा, नाहीतर मशीन गेलं समजा. बाकीच्या अकरा मशिनींतले सेल त्यानं स्वतःच्या हातानं बदलले होते. नव्या चिपा बसवल्या होत्या. फक्त ह्याला हात लावला नव्हता. बापानं बनवलेले आवाज आतल्या चिपेत होते आणि चिप त्या सेलवर जगत होती. सेल काढला की आवाज पुसले जाणार. म्हणून काढला नाही. लावलं तर काहीतरी जळेल, म्हणून लावलंही नाही.

परवा तिसऱ्या वर्षाच्या श्राद्धाला मन घट्ट करून बटण दाबलं. दिवे वेडेवाकडे लागले. आवाज एकही नाही.

"मशीन वाजंल," चाचा म्हणाला. "रेघा नव्यानं वढाव्या लागतील. दोन म्हयनं जातील. पर वाजंल."

"आणि आतले आवाज?"

"गेले."

"सगळे?"

"तुझ्या बापानं एकेक निवडून ठेवला व्हता. सेल काय निवडून सोडतोय व्हय?"

रणधीर स्टुलावर बसला. डिंकाचे डाग वगैरे त्याला दिसले नाहीत.

मग त्यानं पिशवीतनं एक वही काढली. तिलाही प्लास्टिकचं कव्हर घातलेलं. मधूमास्तरांच्या तिरप्या अक्षरात ओळीनं नंबर होते. मशिनीत बत्तीस घरं. नॉब फिरवून फिरवून एखादा आवाज जमला की त्याला एक घर द्यायचं. पाच, बासरी, फुंकर जास्त. नऊ, वरातीचा. चौदा, नागीण, पब्लिकला लागते. एकोणीस, दुःखाचा, पण गाणं पडू देत नाही. असं पंचविसापर्यंत.

सव्वीसपुढं नाव नव्हतं. नुसतं लिहिलं होतं, झाला. खाली तारीख.

"बाकीचे गेले तरी चालतील, चाचा. मला हा एक पाहिजे."

चाचानं वहीवर बोट ठेवलं.

"हा त्यानं डावा हात गेल्यावर केला," तो म्हणाला.

"हो. लकवा मारल्यावर ऑर्केस्ट्रावाल्यांनी दुसरा माणूस घेतला. मग आबा घरीच बसायचे. दोन वर्षं ह्या एका आवाजाच्या मागं होते. मला फोन केला होता, नवा केलाय, ऐकायला ये."

"गेलास?"

"कामं होती... म्हटलं, रेकॉर्ड करून पाठवा."

वर कुठंतरी भोपळ्यात गांधीलमाशी शिरली होती. ती घुमत होती.

"अरे, मग रडतोस कशाला?" चाचा म्हणाला. "मशिनीतला गेला. मधूनं कॅसेट केली असंल की. मीच शिकवलं व्हतं त्याला. म्हटलं, ह्या सेलवर इस्वास ठेवू नगंस, सगळं कॅसेटवर काढून ठेव. कॅसेटी कुठं हायत त्याच्या?"

रणधीरचा चेहरा उजळला. तो असा उजळला की बघवू नये.

"आहेत! चाळीस कॅसेटी होत्या. सगळ्या तालमी, प्रोग्राम. त्यांच्यावर दोन आठवडे बसलो होतो मी. सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, सगळ्या साफ केल्या. ऐका तुम्ही. तुम्हाला खरं वाटणार नाही."

त्यानं लॅपटॉप उघडला. गाणं सुरू झालं. तीस वर्षांपूर्वीची तालीम, पण काल केल्यासारखी. स्वच्छ. काचेसारखी.

चाचानं मान खाली घालून ऐकलं.

"मधू खोकायचा तालमीत."

"ते काढलं."

"तोंडानं आकडं मोजायचा. येक दोन, येक दोन तीन चार."

"ते पण काढलं. मायकात येत होतं."

"पंखा व्हता तिथं. खटारा. कट कट करायचा."

"तो काढायलाच चार दिवस गेले, चाचा," रणधीर अभिमानानं म्हणाला.

"हं." चाचानं लॅपटॉपचं झाकण एका बोटानं खाली केलं. "लई हुशार हायस. आता मशिनीची कॅसेट दाव."

"मशिनीची म्हणजे?"

चाचानं त्याच्याकडं बघितलं. हातमोज्यांचा माणूस. बारा मशिनींचा धनी. प्रत्येक मशिनीच्या पाठीमागं टेप लावायचं भोक असतं, ते ह्यानं शंभर वेळा पुसलं असेल. वापरलं कधीच नसेल. नव्या चिपा बसवल्यावर कशाला वापरायचं?

म्हातारा गुडघ्यावर हात ठेवून उठला. फळीवर बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता. त्यातनं एक कॅसेट काढली. टेपरेकॉर्डरात घातली. तिथं भिंतीला लावून अगदी तसलंच एक मशीन उभं होतं, झाकण नसलेलं, पट्ट्या पिवळ्या पडलेलं. टेपातली वायर चाचानं त्याच्या पाठीत खोचली.

"ही जयसिंगपूरच्या बाबरची. बँडवाला. मरून सात वर्सं झाली."

त्यानं टेप चालू केला.

खोलीत किंचाळी उठली. माणसाची नव्हे, जनावराची नव्हे. पत्र्यावर खिळा ओढावा, आणि ओढणाऱ्याला थांबताच येऊ नये, तशी. दात शिवशिवले. बाहेर चाललेल्या एका बाईनं डोक्यावरचा पदर ओढून कान झाकला.

मग एकदम गप्प. मशिनीवर हिरवा दिवा लागला.

चाचानं तीन नंबर दाबला आणि पट्टीवर बोट ठेवलं. सनई. भरल्या मांडवातली, डोळ्यांत पाणी आणणारी सनई त्या आठ बाय दहाच्या खोलीत उभी राहिली.

"बघ. ह्यो बाबर. मातीत गेलेला माणूस, अजून मांडव गाजवतोय." चाचानं बोट उचललं. "ती किंचाळी म्हंजे समदे आवाज एकात एक कोंबलेले. मशिनीला कळत्यात. माणसाला न्हाई. आपल्याला वाटतंय टेप खराब झाली. खरं म्हंजे..."

तो थांबला. रणधीर त्याच्याकडं बघतच नव्हता. टेपरेकॉर्डरकडं बघत होता.

"काय झालं रे?"

"चाचा... हा आवाज..."

"सनई?"

"आधीचा."

चाचानं टेप बंद केला.

"आबांनी कॅसेट पाठवली होती," रणधीर म्हणाला. "मी रेकॉर्ड करून पाठवा म्हटलं त्यावर. भाच्याच्या हातानं, एसटीनं. मी तेव्हा ऐकली नाही. ते फोन करून विचारायचे. पोचली का? पोचली. घातलीस का मशिनीत? घालतो, आबा, कामात आहे. तीनदा विचारलं. मग चाळीस दिवसांनी गेले."

"म्होरं?"

"ती बाकीच्या कॅसेटींतच राहिली. साफ करायला घेतली तेव्हा ऐकली. आधी जुनीच तालीम होती. शेवटी, तालीम संपल्यावर... असंच. किंचाळल्यासारखं. मला वाटलं टेप खराब झालीय."

"मग?"

"...कापलं."

गांधीलमाशी भोपळ्यातनं बाहेर आली. दारातनं निघून गेली.

"कॅसेट?" चाचानं विचारलं.

"बुरशी धरली होती. सगळ्या भंगारात दिल्या."

"आन त्या कॉम्प्युटरात मूळची असंल की. साफ करायच्या आधीची?"

"जागा पुरत नव्हती. साफ झालं की मूळचं पुसत गेलो..."

चाचानं डोळे मिटले. तेवढ्यात रणधीर ताडकन उठला. खिशातनं मोबाइल काढला. दोनदा चुकीचं काहीतरी उघडलं.

"थांबा! ग्रुपवर टाकलं होतं मी. आधी कसं होतं, नंतर कसं झालं, ते लोकांना दाखवायला. त्याचाच तुकडा घेतला होता, सगळ्यात वाईट तोच होता म्हणून... हा बघा!"

त्यानं लावलं. चार सेकंद किंचाळी. मग चार सेकंद शांतता. खाली लोकांनी अंगठे दिले होते. एकशे सतरा.

"वायर द्या. चाचा, वायर द्या ना!"

चाचानं वायर दिली. मोबाइलात लावली. किंचाळी मशिनीत गेली. दोघं दिव्याकडं बघत राहिले.

लाल.

"पुन्हा लावू?"

"लाव."

लाल.

"मोबाइलचा आवाज कमी असेल. वाढवतो."

लाल.

"चाचा, पूर्ण नाही, पण थोडे तरी... सव्वीस नाही तर पहिले चारपाच तरी..."

"तिला सगळं लागतंय. न्हाईतर कायबी न्हाई."

रणधीरनं परत लावलं. परत. चाचानं त्याला अडवलं नाही. अडवून काय होणार होतं? बोळातल्या पोरांनी किंचाळीची नक्कल सुरू केली, मग त्यांनाही कंटाळा आला. अकराव्या का बाराव्या वेळी रणधीरचा अंगठाच त्या बटणावर जाईना.

तो परत स्टुलावर बसला. बसला कसला, खचला.

चाचा टेबलापाशी गेला. मधूमास्तरांच्या मशिनीतला तो सेल त्यानं कटरनं तोडला आणि पेपराच्या तुकड्यावर ठेवला. वाटीत व्हिनेगर घेतलं, दात घासायचा जुना ब्रश घेतला आणि बुरशी खरवडायला लागला. फेस आला. खस खस खस. बुरशी निघाली तिथं खाली काहीच नव्हतं, नुसती भुंडी पाटी.

"आबांनी सरळ वाजवून का नाही पाठवला?" रणधीर म्हणाला. "साधा रेकॉर्ड करायचा ना! मी तेच म्हटलं होतं."

"कशानं वाजवणार? हात कुठं व्हता त्याला?"

"एक होता."

"एका हातानं वाजवून पोराला धाडील मधू?" चाचा ब्रश न थांबवता म्हणाला. "वळखत नव्हतास व्हय बापाला? तुझ्याकडं ह्येच मशीन हाय दुसरं. हाय का न्हाई?"

"...आहे."

"मग. त्यानं आवाज धाडला. वाजवायचा तू व्हतास."

रणधीरनं दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले. मऊ हात होते. वाजवणाऱ्याचे नव्हते.

खस खस खस.

"तुम्ही ऐकला असेल," तो थोड्या वेळानं म्हणाला. त्याच्या आवाजात अजून आशा होती, आणि ती फार वाईट दिसत होती. "आबा इथं यायचे शेवटी शेवटी. मला माहीत आहे. तुम्हाला ऐकवलाच असेल. तुमचा कान आहे, चाचा. तुम्ही नुसतं सांगा, कसा होता. मी नॉब फिरवतो. वर्ष लागू दे, दोन लागू देत. आपण परत बनवू."

"न्हाई ऐकला."

"एकदाही नाही?"

"भाच्याच्या खांद्यावर आपलं मशीन आणायचा, त्याच स्टुलावर बसायचा. कानाला हेडफोन. एका हातानं नॉब फिरवायचा, त्याच हातानं पट्टी दाबायची. मी म्हणायचो, मधू, आम्हाला तरी ऐकव की लेका. हसायचा." चाचानं ब्रश वाटीत बुडवला. "म्हणायचा, आधी रणधीर. मग सगळं गाव."

रणधीरला त्या स्टुलावरनं उठायचं होतं. उठता आलं नाही.

"म्हणजे कुणीच नाही..." तो म्हणाला. "जगात कुणीच ऐकला नाही तो."

चाचा बुरशी खरवडत राहिला.

"मला काही नको होतं, चाचा. मशीन जाऊ दे, वही जाऊ दे. मला फक्त एकदा... एकदा तरी ऐकायला मिळाला असता..."

ब्रश थांबला.

म्हाताऱ्यानं चष्मा काढला. काडीचा दोरा कानाला अडकला, तो सोडवला. काचा सदऱ्याला पुसल्या आणि पहिल्यांदा त्या पोराकडं सरळ बघितलं.

"ऐकलायस की," तो म्हणाला. "कापायच्या आधी."